जुनें शाळागृह : पाडावें कीं राखावें ?

परभणी जिल्ह्यांतील तालुक्याच्या गांवीं कोणी शाळेची वाट विचारली, तर पुष्कळदां त्याला उलट प्रश्न येतो : "नवी कीं जुनी ?" नवी म्हणजे सिमेंटची, रंग दिलेली, जिच्यांत मुलें बसतात ती. जुनी म्हणजे तिच्याच आवारांत किंवा गांवाच्या जुन्या वस्तीकडे उभी असलेली काळ्या दगडाची बैठी इमारत. तिचीं दारें उंच, ओसरी लांब, दाराला कुलूप. आणि ओसरीवर दुपारच्या वेळीं शेळ्या बसलेल्या. सरकारी कागदांत या दुसऱ्या इमारतीला 'निजामकालीन शाळा' असें म्हणतात. मराठवाड्यांत हें विशेषण आतां इतकें रूढ झालें आहे कीं त्याच्या पाठोपाठ 'धोकादायक' हें दुसरें विशेषण आपोआप येतें, आणि तिसरा शब्द येतो तो 'निर्लेखन'. निर्लेखन म्हणजे जिल्हा परिषदेच्या मालमत्तेच्या नोंदींतून इमारतीचें नांव काढून टाकणें. नांव निघालें कीं ती पाडण्यास मोकळीक होते. मग दगड, सागवान आणि पत्रे यांचा लिलाव पुकारला जातो.

निजामकालीन, धोकादायक आणि निर्लेखन हे तीन शब्द एका दमांत उच्चारले जातात. ते वेगवेगळे करून पाहिले तर कांहीं निराळा विचार सुचण्याजोगा आहे.

प्रथम 'निजामकालीन' हाच शब्द घ्यावा. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या जुन्या शाळेला कोणी 'व्हिक्टोरियाकालीन' म्हणत नाहीं. मराठवाड्यांत मात्र इमारतीचें वय राजाच्या नांवानें सांगण्याची चाल पडली, आणि त्या राजवटीविषयींची मनांतील अढी नकळत भिंतींनाही चिकटली. वस्तुतः भिंतींचा दगड जवळच्या माळावरचा. तो फोडणारे, घडविणारे, चुना मळणारे व सागवान तासणारे हातही या मुलखांतलेच; आणि पैसा शेतसाऱ्याचा, म्हणजे ज्वारी आणि कापूस पिकविणाऱ्या रयतेचा. निजामाचें त्यांत काय होतें म्हणाल, तर हुकूम आणि आंत चालणारी भाषा. हुकूम १९४८ च्या सप्टेंबरांत संपला. भाषाही पुढें बदलली. उरली ती इमारत; आणि ती जिच्या पैशानें उभी राहिली त्या रयतेचीच होय.

त्या काळीं परभणी हा हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद सुभ्यांतील जिल्हा होता. आजचा हिंगोली जिल्हा, जो १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला, तो त्यांतच मोडत असे, आणि आतां जालना जिल्ह्यांत असलेलें परतूरही परभणींतच होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबादहून मनमाडकडे जाणारा लहान मापाचा लोहमार्ग या जिल्ह्यांतून सुरू झाला; पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर हीं त्यावरचीं स्थानकें. कापसाला बाजारपेठ जवळ आली, सेलू-मानवतासारखीं गांवें व्यापारानें वाढलीं. पेठ वाढली म्हणजे तहसील कचेरी, ठाणें, दवाखाना आणि शाळा यांचीही गरज वाढावी हें ओघानेंच आलें. या सरकारी इमारतींचें काम बांधकाम खात्याकडे असे. म्हणूनच जुनें शाळागृह आणि जुनी कचेरी यांचे तोंडवळे पुष्कळदां एकमेकांशीं जुळतात. मुलांसाठीं म्हणून कांहीं वेगळें बांधावें ही कल्पना त्या खात्याला फारशी शिवलेली दिसत नाहीं. खिडक्या प्रौढांच्या खांद्याइतक्या उंचीवर, आणि दारें एवढीं मोठीं कीं पहिल्या इयत्तेंतल्या पोरानें तीं ढकलावयाचीं म्हणजे सोबत्याची मदत घ्यावी.

जातां जातां येथें एका लेखकाचें स्मरण करणें अस्थानीं होणार नाहीं. सातोना येथें १९१३ सालीं जन्मलेले भगवान रघुनाथ कुळकर्णी, म्हणजे मराठी वाचकांचे बी. रघुनाथ, यांनीं परभणींत याच बांधकाम खात्यांत नोकरी केली आणि १९५३ सालीं परभणींतच देह ठेवला. दिवसभर दगडचुन्याच्या कामांचे कागद पाहावयाचे आणि उरल्या वेळांत कविता, कथा व कादंबऱ्या लिहावयाच्या, असा त्यांचा संसार होता. त्या खात्याच्या रूक्ष दप्तरांतून आणखी काय निघालें कोणास ठाऊक, पण एवढें एक नांव तरी मराठी वाङ्मयाला मिळालें.

आतां इमारतीकडे वळूं. दगड बेसाल्ट जातीचा, काळा व घट्ट. चांगल्या शाळागृहाच्या भिंती दीड-दोन फूट जाड, दर्जा चुन्याच्या. हा चुना भट्टींत भाजून, पाण्यांत विरवून, वाळूबरोबर घाणींत मळला जाई. दगडी चाक बैलानें ओढीत गोल फिरवावयाचें आणि चुना लोण्यासारखा मऊ होईपर्यंत थांबावयाचें नाहीं, असा प्रघात असे. चिकटपणासाठीं त्यांत गुळाचें पाणी, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचा काढा घालीत. असा चुना एका दिवसांत कडक होत नाहीं. हवेंतला कर्बवायु शोषून घेत घेत तो वर्षानुवर्षें दगडाकडे झुकत जातो. त्याचा हा सावकाशपणाच परभणीच्या भूमीला मानवतो. येथील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि वैशाखांत वीत-वीत भेगा टाकून आकसते. तिच्यावरचें बांधकाम दर वर्षीं केसाइतकें तरी हालणारच. सिमेंट ताठर असल्यामुळें तें अशा वेळीं तडकतें. चुना थोडा नमतो आणि बारीक भेग पडली तरी ती पावसाच्या पाण्यानें, आंतल्याच चुन्याच्या योगानें, पुष्कळदां पुन्हां भरून निघते.

जाड भिंतीचा दुसरा गुण उन्हाळ्यांत कळतो. परभणीस मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या वर चढणें नवलाचें नाहीं. दगडाच्या जाड भिंतींतून ऊन आंत शिरावयास कित्येक तास लागतात. तोंवर शाळा सुटलेली असते. याउलट पातळ विटांची भिंत आणि वर सपाट काँक्रीट अशी खोली दुपारीं दोनच्या सुमारास भट्टीसारखी तापते. उन्हाळ्यांत सकाळची शाळा भरविण्याचा जो रिवाज आहे, त्याची खरी निकड नव्या खोल्यांना अधिक भासते.

पण मग या इमारती खराब कां झाल्या, असें विचारलें जाईल. वयानें म्हणावें, तर त्याहून कितीतरी जुने वाडे व देवळें याच जिल्ह्यांत उभीं आहेत. बहुतेक ठिकाणीं छप्पर प्रथम जातें. एक पत्रा उडाला, एक कौल फुटलें. तें त्या वर्षीं बदललें नाहीं. पाणी वाशांत मुरलें, वाशाचें भिंतींतलें टोंक कुजलें, भिंतीच्या माथ्यावर माती साचली, तींत पक्ष्यांनीं टाकलेल्या बीजांतून पिंपळाचें रोप उगवलें. रोप हाताएवढें असतां उपटलें असतें तर एका गड्याचें काम. त्याच्या मुळ्या दर्जांत उतरल्या कीं मग भिंत उतरविल्याखेरीज तीं निघत नाहींत. कधींकाळीं डागडुजी झालीच तर चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्यांत आला. त्या गिलाव्यानें भिंतीचा श्वास कोंडला. जमिनींतून चढलेली ओल बाहेर पडावयास वाट राहिली नाहीं, आणि भिंतीला लोणा लागून दगडाचे पापुद्रे सुटूं लागले. थोडक्यांत, इमारत म्हातारी झाली यापेक्षां तिची देखभाल थांबली, आणि जी झाली ती उलट औषधाची झाली, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल.

या दगडाच्या आंत काय शिकविलें जात होतें, तोही इतिहास थोडा पाहावयास हवा. संस्थानांत खालच्या इयत्तांत मातृभाषेला जागा असे. परंतु वर जावें तसतशी उर्दू अनिवार्य होत जाई आणि माध्यमिक शिक्षण उर्दूंतून चाले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें तर पदवीपर्यंतचें सारें शिक्षण उर्दूंतून दिलें. एका देशी भाषेंतून उच्च शास्त्रें शिकवून दाखविण्याचा तो प्रयोग त्या दृष्टीनें मोठाच होता. भाषांतराचें खातें होतें, परिभाषा घडविण्यांत आली. पण ती देशी भाषा परभणीच्या शेतकऱ्याच्या घरांत बोलली जात नव्हती, हें त्या प्रयोगाचें दुर्दैव. मराठी, तेलुगु वा कानडी घरांतला मुलगा शाळेच्या उंबरठ्यावर आपली भाषा जोड्यांबरोबर काढून ठेवी आणि आंत शिरे.

ज्यांना हें साहवलें नाहीं त्यांनीं खाजगी शाळा काढल्या. खाजगी शाळेसही सरकारची परवानगी लागे, आणि ती सहजासहजीं मिळत नसे. तरी गुलबर्ग्याचें नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या दोन्ही १९०७ च्या. औरंगाबादचें सरस्वती भुवन १९१५ चें. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, जेथें पुढें स्वामी रामानंद तीर्थ अध्यापक व मुख्याध्यापक झाले. परभणी जिल्ह्यांत सेलूचें नूतन विद्यालय याच परंपरेंतलें. अशा शाळा आरंभीं बहुधा कोणाच्या तरी वाड्यांत, माडीवर किंवा देवळाच्या ओवरींत भरत. म्हणजे त्या काळचें दृश्य मोठें विलक्षण होतें : ज्यांच्या पैशानें दगडी शाळागृह बांधलें त्यांचीं मुलें, आपली भाषा शिकतां यावी म्हणून, उसन्या जागेंत बसत होतीं. १९३७ सालीं परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, तें याच जिल्ह्याच्या भूमीवर. दुसऱ्याच वर्षीं उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली. शेंकडों विद्यार्थी बाहेर पडले आणि त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानचें राज्य संपलें. त्यानंतरच्या थोड्या वर्षांत या शाळागृहांत मराठीचा प्रवेश झाला. त्याच फळ्यावर, त्याच मेजामागें, त्याच दगडाच्या छायेंत देवनागरी अक्षरें उमटलीं. उर्दू शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं उर्दूच्या शाळाही चालू राहिल्या, हें योग्यच झालें. या इमारतींचा पुनरुपयोग व्हावा अशी जी चर्चा आज ऐकूं येते, ती करणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं पहिला पुनरुपयोग तेव्हांच होऊन गेला. त्यासाठीं एक दगड हालवावा लागला नाहीं. ज्या इमारतीनें एकदां एवढें मोठें स्थित्यंतर पचविलें, ती वाचनालय किंवा अभ्यासिका होण्यास अपात्र ठरेल असें मानण्याचें कारण नाहीं.

पुढें १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा स्थापन होऊन शाळा त्यांच्याकडे गेल्या. मराठवाड्यांत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळा जागोजाग दिसतात आणि त्यांना 'प्रशाला' म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रांतून आलेल्या माणसाला या शब्दाचें नवल वाटतें. संस्थानी काळांतील सरकारी हायस्कुलांचा वारसा असा एका शब्दांत शिल्लक आहे.

आतां 'धोकादायक' या शब्दाकडे येऊं. कारण जुन्या इमारतीच्या प्रेमापोटीं या शब्दाला बगल देणें हें पाप होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. तीं मुख्यतः दगडाच्या जाड भिंतींखालीं आणि मातीच्या जड माळवदांखालीं गेलीं. त्या दिवसापासून मराठवाड्यांतल्या माणसाचा दगडी भिंतीवरचा विश्वास उडाला, आणि कोणीही त्याला दोष देऊं नये. परभणीला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यांत २०२४ च्या मार्चमध्यें आणि पुन्हां जुलैमध्यें साडेचार प्रतीचे धक्के बसले; ते परभणींतही जाणवले. भूकंपावांचूनही अनर्थ होतात. आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या जिल्ह्यांत निंबोडी येथें ऑगस्ट २०१७ मध्यें शाळेचें छप्पर कोसळून तीन मुलें दगावलीं. जुलै २०२५ मध्यें राजस्थानांत झालावाड जिल्ह्यांतील पिपलोदी येथें सात मुलें गेलीं. ज्या अभियंत्याला 'ही खोली सुरक्षित आहे' अशा कागदावर सही करावयाची असते, त्याच्या डोळ्यांपुढें हीं मुलें असतात. त्यानें 'धोकादायक' असा शेरा मारला तर तो भित्रा ठरत नाहीं.

मात्र किल्लारीनें दगडालाच सरसकट दोषी ठरविलें, असा जो समज झाला तो पुरता खरा नाहीं. तेथील पुष्कळ भिंती मातींत रचलेल्या होत्या. आंतला थर निराळा, बाहेरचा थर निराळा, आणि मधें खडी-माती भरलेली. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. धक्का बसतांच दोन्ही थर फुगून एकमेकांपासून सुटले आणि वरचें मणामणाचें माळवद खालीं आलें. जेथें चुन्याची दर्जा आहे, आरपार दगड आहेत, छप्पर हलकें आहे, तेथें परिस्थिति वेगळी असूं शकते. आणि जेथें हें नाहीं तेथेंही भिंतीच्या माथ्याशीं व दारांच्या वर काँक्रीटचा आडवा पट्टा बांधणें, आरपार दगड नव्यानें बसविणें, असे उपाय किल्लारीनंतर सांगितले गेले आहेत व केलेही गेले आहेत. सारांश, 'धोकादायक' हा शेरा इमारतीच्या वयावरून किंवा तिच्या राजवटीवरून मारावयाचा नसून, भिंत फोडून, आंत पाहून, खोली-खोलीचा वेगळा मारावयाचा आहे. चार खोल्यांपैकीं एक पडली म्हणून चारही निर्लेखित होतात, हें मात्र समर्थनीय नव्हे.

निर्लेखनामागें कधीं कधीं आणखी एक कारण असतें, जें कागदावर येत नाहीं. जुनें शाळागृह बांधलें तेव्हां तें गांवाच्या कडेला होतें. आज तें बाजाराच्या मधोमध आलें आहे. त्या जागेवर व्यापारी गाळे काढले तर भाडें किती येईल, हा हिशेब करणारे प्रत्येक तालुक्यांत असतात. इमारत उभी आहे तोंवर जागा शाळेची. ती पाडली कीं ती केवळ जागा राहते. कायदाही या शाळागृहांना फारसें संरक्षण देत नाहीं. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून कमी वयाच्या वास्तूकडे पाहातच नाहीं. ज्या शाळेला नव्वद वर्षें झालीं ती, कायद्याच्या दृष्टीनें, जतन करण्याइतकी जुनी नाहीं. आणि बांधकाम विभागाच्या दृष्टीनें वापरण्याइतकी नवी नाहीं.

इतर ठिकाणीं काय झालें ? पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत, जो दुसऱ्या बाजीरावानें राहण्यासाठीं बांधला, १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढें तेथें सरकारी शाळा भरली, १८७९ सालीं आगीनें वाड्याचा भाग गेला, तो लोकांनीं वर्गणी काढून पुन्हां उभा केला, आणि नंतर त्यांत नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. तो वाडा आजही उभा आहे, तो प्रत्येक पिढीनें त्याला कांहीं ना कांहीं काम दिलें म्हणून. त्याच शहरांत भिडेवाडा होता. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं तेथें मुलींची शाळा काढली. पुढें तेथें दुकानें आलीं, वाडा खंगत गेला, स्मारकाचा प्रश्न वर्षानुवर्षें न्यायालयांत राहिला. आणि डिसेंबर २०२३ मध्यें स्मारकासाठींच तो पाडावा लागला. जागा मिळाली, परंतु ज्या भिंतींनीं त्या मुलींचे पाठ ऐकले त्या भिंती मिळाल्या नाहींत.

परदेशांतील एक उदाहरण येथें विशेष लागू पडतें, कारण तेंही लोकांच्या पैशाचें आहे. जपानमध्यें क्योटो शहराच्या पेठांनीं १८६९ सालीं, देशांत शिक्षणाचा कायदा होण्यापूर्वींच, स्वतःच्या वर्गणींतून चौसष्ट प्राथमिक शाळा काढल्या. शतकानंतर शहराच्या मध्यभागांतलीं मुलें घटलीं आणि शाळा एकेक करून बंद पडल्या. त्यांतील तात्सुइके शाळेच्या इमारतींत २००६ सालीं चित्रकथांचें मोठें संग्रहालय उघडलें. लांकडी जमिनी तशाच ठेवल्या, जुन्या शाळेचा इतिहास सांगणारी खोली राखली. त्याच देशांत मुरोतो येथील बंद शाळेंत २०१८ सालीं सागरी जिवांचें संग्रहालय झालें, आणि मुलांच्या पोहण्याच्या तलावांत कासवें व मासे पोहूं लागले. परभणीला समुद्र नाहीं, आणि असल्या नवलाईची गरजही नाहीं. घेण्यासारखी गोष्ट एवढीच कीं शाळा बंद पडली तरी तेथें तिच्या पुढच्या उपयोगाचा विचार होतो.

आपल्याकडेही शाळा बंद होण्याचा प्रश्न दूर नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें वीसहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार शासनानें मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. तो वाद कसाही मिटो, पट घटतो आहे हें खरें, आणि म्हणून रिकाम्या शाळागृहांची संख्या यापुढें वाढणार हें उघड आहे.

मग अशा शाळागृहाचें काय करावें ? लहान मुलें तेथें बसवूं नयेत, हें आधीं ठरवून टाकावें. अंगणवाडीसाठीं जागा हवी म्हणून जुन्या खोलीचें कुलूप काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. धान्याचें वा खताचें कोठार तर मुळींच करूं नये. खताच्या पोत्यांतले क्षार ओलीबरोबर दगडांत शिरतात आणि लोणा दहापट वाढवितात. याउलट वाचनालय व अभ्यासिका हा उपयोग या इमारतींना चांगला शोभतो. इमारत बैठी असल्यानें पुस्तकांच्या कपाटांचा भार जमिनीवर पडतो, भिंतींवर नाहीं. खोल्या थंड, उजेड उंचावरून येणारा, आणि बसणारीं माणसें जाणतीं, संकट आल्यास क्षणांत बाहेर पडणारीं. तालुक्याच्या गांवीं पोलीस भरतीचा आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारीं मुलें-मुली आज भाड्याच्या कोंदट खोल्यांत दरमहा पैसे भरून बसतात. त्यांना ही जागा मिळाली तर त्यांच्या माफक वर्गणींतून दरवर्षींच्या डागडुजीचा खर्च निघण्यासारखा आहे. मोठ्या दुरुस्तीचा पैसा मात्र जिल्हा परिषदेनें, नगरपालिकेनें आणि त्याच शाळेंत शिकून बाहेर गेलेल्या सुस्थित मंडळींनीं मिळून उभा करावयास हवा.

एक खोली आणखी एका कामासाठीं राखावी : शाळेच्या दप्तरासाठीं. जुन्या शाळेच्या लांकडी पेटींत 'दाखल-खारीज' नांवाचीं रजिस्टरें असतात. त्यांतील जुनीं पानें उर्दूंत, आणि तारखा फसली सनांत. हैदराबादचा फसली सन इसवी सनाच्या सुमारें ५९० वर्षें मागें चाले. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. मुलाचें नांव, बापाचें नांव, जात, गांव, जन्मतारीख, शाळा सोडण्याचें कारण, एवढीच नोंद. सप्टेंबर २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि मराठवाड्यांतील कुणबी नोंदींच्या शोधांत महसुली दप्तराबरोबर शाळांचीं हीं रजिस्टरेंही उघडण्यांत आलीं. उर्दू व मोडी वाचणारीं माणसें शोधावीं लागलीं. त्या प्रश्नाच्या बऱ्यावाईटांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या पेट्या कालपर्यंत अडगळ होत्या त्यांना एका सप्टेंबरांत कुलपें लावावीं लागलीं, ही गोष्ट बोलकी आहे. वाळवीनें खाल्लेल्या पानांतून कोणाचा हक्क गेला, याचा हिशेब कोणी मांडणार नाहीं.

साताऱ्यास जुन्या राजवाड्यांत भरणाऱ्या सरकारी शाळेच्या अशाच एका रजिस्टरांत, ७ नोव्हेंबर १९०० या तारखेस, १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर या मुलाची नोंद आहे. तें पान कोणीतरी जपलें म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रांत ती तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळली जाते. परभणीच्या पेट्यांत कोणाचीं नांवें आहेत, हें त्या पेट्या उघडून वाचल्याशिवाय सांगतां येणार नाहीं. आणि फसली सन व उर्दू अक्षर दोन्ही जाणणारीं वृद्ध माणसें आतां दर तालुक्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. इमारतीचें भवितव्य ठरण्यास कितीही वेळ लागो, हें काम त्याच्यासाठीं अडून राहूं नये. छपराचें कामही असेंच आहे. मृग लागण्यापूर्वीं उडालेले पत्रे बसविणें, भिंतीच्या माथ्यावरचीं रोपें उपटणें आणि पावळ्यांखालचें पाणी दूर नेणारी चर खोदणें, एवढ्याला कोणत्याही समितीचा अहवाल लागत नाहीं. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ठराव आणि चार गडी पुरतात.